बिऱ्हाड चाकांवर



मोटारहोम, कॅराव्हॅन हे शब्द आता आपल्या भिशीतही ऐकू येऊ लागले आहेत. कुणाचा मुलगा परदेशात तशी गाडी भाड्याने घेऊन फिरून आला. कुणाची सून विचारते, सासू-सासऱ्यांना शंखेश्वर, पालिताणा, केसरियाजी अशी यात्रा त्यातून घडवता येईल का? कल्पना चांगलीच आहे. आपलं स्वयंपाकघर सोबत, आपलं उकळलेलं पाणी सोबत. सूर्यास्ताआधी जेवण कुठे मिळेल ही चिंता नाही. गुडघे दुखणाऱ्यांना हवं तेव्हा आडवं होता येतं. पण या बोलण्यात दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे चाकांवरचं घर ही काही कालपरवा परदेशातून आलेली नवलाई नाही. दुसरी म्हणजे अशा घराची निगा राखावी लागते, आणि ती कोण राखणार हे कुणी आधी ठरवत नाही. त्याचा इतिहास पाहिला तर दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याला बरंच शिकता येतं.

आधी शब्दच पाहू. कॅराव्हॅन हा मूळ फारसी ‘कारवाँ’. वाटेत चोराचिलटांचं भय म्हणून एकत्र प्रवास करणारा व्यापारी, यात्रेकरूंचा तांडा, असा त्याचा अर्थ. युरोपात जाऊन तो आधी झाकलेल्या मोठ्या गाडीला लागला, मग चाकांवरच्या घराला. इंग्रजांनी त्याचं शेपूट तोडून ‘व्हॅन’ केलं. म्हणजे आपल्या मुलांना शाळेत नेणारी व्हॅनही त्या कारवाँचीच नात.

आपण देवपूरच्या बायका तर आग्रा रोडच्या शेजारणी. या वाटांवरून बिऱ्हाडं किती गेली असतील! पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर १६३० मध्ये, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला गेला. म्हणजे आपलं खानदेश त्याने आडवं ओलांडलं. पुढे १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना त्याला बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते, सगळे धान्याने लादलेले. बायका-मुलं, भांडीकुंडी, सगळा संसार त्यांच्यासोबत होता. त्यांचं घर बैलाच्या पाठीवर होतं, चाकांवर नव्हे. पण रोज मांडायचं आणि रोज उचलायचं घर ते हेच.

आपल्याकडच्या संघयात्रा आठवा. गुजरातचे मंत्री वस्तुपाल यांनी विक्रम संवत १२७७, म्हणजे इसवी सन १२२१ मध्ये शत्रुंजय-गिरनारचा मोठा संघ काढला. प्रबंधग्रंथांत त्यातल्या गाड्या, पालख्या, उंट यांची लांबलचक मोजदाद येते. आकड्यांत अतिशयोक्ती धरली तरी एक गोष्ट खरी, की एवढ्या माणसांचं स्वयंपाकघर रोज पुढच्या मुक्कामाला हलत होतं. आजही छ’री पालित संघ निघतो तेव्हा यात्रिक पायी चालतात, पण तंबू, पातेली, गाळणी, धान्य घेऊन ट्रक पुढे गेलेला असतो. पंढरीच्या वारीतल्या दिंडीमागेही तसाच ट्रक असतो. चालणाऱ्यांचं पुण्य सगळ्यांना दिसतं. पहाटे तीनला उठून पुढच्या मुक्कामी चूल पेटवणारे हात फारसे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

त्या काळची गाडी सांभाळणं सोपं नव्हतं. बैलगाडीचं चाक लाकडी, त्यावर लोखंडाची धाव. ती बसवताना लोहार धाव लालभडक तापवून फुगवतो, चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. लोखंड आकसतं आणि आरे, पुठ्ठे सगळं घट्ट आवळून धरतं. पण खानदेशातला वैशाख तुम्हाला माहीत आहे. लाकूड वाळून आकसलं की धाव खुळखुळायला लागते. मग नदी लागली की गाडी थोडा वेळ पाण्यात उभी करायची, म्हणजे लाकूड फुगून पुन्हा घट्ट होतं. आखाला एरंडेलाचं वंगण द्यावं लागे. त्याचं नळकांडं गाडीखाली टांगलेलंच असे. वंगण विसरलं की आख करकरतो, तापतो आणि चाक बसतं. शिवाय बैलांचे नाल, दोर, जू हे निराळंच. तेव्हा यात्रेला निघणाऱ्या माणसाला गाडीची दुरुस्ती थोडीफार यावीच लागे. मुक्काम ठरायचा तोही पाणी आणि लोहार कुठे आहे हे पाहून.

हा लोहारही कधी कधी स्वतःच चाकांवर राहणारा असे. गाडिया लोहारांना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला त्यांची गाडी उभी असते, शेजारी जमिनीत छोटी भट्टी, वर एखादं फाटकं छत. आपण त्यांच्याकडून विळी, खुरपं, झारा, चिमटा, लोखंडी तवा घेतो, दोन-पाच रुपयांची घासाघीस करतो आणि निघून येतो. त्यांची परंपरा सांगते की ते चितोडचे, राणाच्या सैन्याला हत्यारं करून देणारे. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतलं तेव्हा त्यांनी प्रतिज्ञा केल्या: गड परत मिळेपर्यंत तिथे पाऊल ठेवायचं नाही, घरात राहायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही, दिवा लावायचा नाही, विहिरीचं पाणी काढायला दोर बाळगायचा नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट उलटी ठेवलेली असे. ६ एप्रिल १९५५ ला पंडित नेहरूंच्या हस्ते चितोडगडावर समारंभ झाला आणि त्यांना मानाने गडावर नेण्यात आलं. प्रतिज्ञा सुटली. पण हातावर पोट असलेल्यांना घर, जमीन आणि धंदा एका समारंभाने थोडाच मिळतो? कारखान्यातला स्वस्त माल बाजारात आला, बैल पोसणं महाग झालं आणि पुष्कळ कुटुंबं रस्त्याच्या कडेलाच राहिली. आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडींसोबत गाडी लोहार, चितोडी लोहार ही नावं आहेत.

त्यांच्या कामात मला नेहमी एक गोष्ट दिसते. पुरुष बसून सांडशीने तापलेलं लोखंड धरतो आणि जड घण उचलून मारते ती बाई. घण मारून झाला की तीच पाणी आणते, तीच भाकरी थापते, तीच पोराला निजवते. तिच्या घराला भिंती नाहीत, पण घरकाम एकही कमी झालेलं नाही.

आता परदेशाकडे वळू. हौसेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती इंग्लंडात १८८५ मध्ये तयार झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची अठरा फुटी गाडी करून घेतली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. आत महोगनीचं लाकूड, पुस्तकांचं कपाट, सोफा. या गाडीतून ते दक्षिणेतल्या ट्वायफर्डपासून उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत, तेराशे मैलांचा प्रवास करून आले. पुढे १९०७ मध्ये तिथे कॅराव्हॅन क्लब निघाला. पण डॉक्टरसाहेब एकटे नव्हते हं. घोडे सांभाळायला एक गाडीवान होता. स्वयंपाक, झाडलोट करायला फोली नावाचा नोकर होता, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला तो तीनचाकी सायकलवर पुढे जात असे. मालकाला निसर्ग पाहायला आणि पुस्तक लिहायला वेळ मिळाला तो त्यामुळे.

पुढे मोटार आली. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पियर्स-ॲरो कंपनीने मागची सीट उघडून पलंग होणारी आणि हात धुवायची सोय असलेली मोटार मांडली. १९५१ पासून जर्मनीतल्या वेस्टफालिया कारखान्यात फोक्सवॅगनच्या गाड्यांत पलंग, कपाट बसवून मिळू लागलं. मध्यमवर्गाच्या आवाक्यात चाकांवरचं घर आलं. नोकर मात्र मागे राहिले, मग फोलीचं काम कुणाकडे गेलं? १९५४ च्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या अमेरिकन सिनेमात त्याचं उत्तर आहे. लुसिल बॉल आणि देसी अर्नाझ हे खऱ्या आयुष्यातलं जोडपं त्यात नवरा-बायको आहेत. नवरा गाडी चालवतो, बायको मागच्या ट्रेलरमध्ये धावत्या गाडीत स्वयंपाक करायला जाते आणि सगळं पीठकूट तिच्या अंगावर येतं. प्रेक्षक पोट धरून हसतात. तिला वाटेतले दगड आठवण म्हणून जमवायचा छंद असतो, मुरंब्याच्या बरण्याही भरलेल्या असतात, आणि घाटात त्या ओझ्याने जीव टांगणीला लागतो. विनोदी सिनेमा असला तरी त्यात दोन पक्के धडे आहेत: धावत्या गाडीत स्वयंपाक करायचा नाही, आणि घाट चढताना प्रत्येक किलो मोजायचा.

आपल्याकडे मधल्या काळात यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या आल्या. डिकीत आणि टपावर पातेली, शेगड्या, पिठाचे डबे, सोबत महाराज म्हणजे आचारी. धर्मशाळेच्या आवारात गाडी थांबली की अर्ध्या तासात पोह्यांचा वास सुटतो. हीही चाकांवरच्या घराचीच एक तऱ्हा, आणि सोयीचीही आहे. पण तिथला एक धोका आपण फार हलका घेतो. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका राखीव डब्याला आग लागली. डबा लखनौकडून आलेल्या यात्रेकरूंचा होता. नियमाविरुद्ध आत आणलेल्या गॅस सिलिंडरवर चहा-कॉफी चालली होती. नऊ माणसं गेली. तीर्थाला निघालेली, आपल्यासारखीच घरगुती माणसं होती ती.

असं का होतं, हे समजून घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. घरात दार-खिडकी उघडली की निघून जातो. गाडीच्या छोट्याशा डब्यात तो पायाशी साचून राहतो, आणि एक ठिणगी पुरते. म्हणून खऱ्या कॅराव्हॅनमध्ये सिलिंडरसाठी बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा असतो आणि त्याला खाली झरोका असतो. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर गाडीच्या मागे बांधून नेणं हा शहाणपणा नव्हे. गाडी चालू असताना गॅस टाकीपाशीच बंद हवा. शेगडी पेटवायची ती थांबल्यावर, खिडकी उघडी ठेवून. शक्य असेल तर गाडीबाहेर.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले कॅराव्हॅन पार्क व्हावेत ही त्यातली कल्पना. केरळनेही त्याच वर्षी ‘केरवान केरळ’ सुरू केलं. तेव्हा या गाड्या वाढतील हे नक्की. त्या आपल्या घरी येण्याआधी त्यांची निगा कशी असते ते आपल्या भाषेत सांगते.

पाणी: एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की गाडीवर शंभर किलो चढले. टाकीतलं पाणी वापरायचं, प्यायचं नाही. प्यायचं आपलं उकळून, गाळून वेगळं ठेवायचं. प्रवास संपला की टाकी पूर्ण रिकामी करून वाळवायची, नाहीतर आत शेवाळ धरतं आणि जीवोत्पत्ती होते. आपल्या घरी पिंप घासून पालथं घालतात तसंच.

सांडपाणी: भांड्यांचं आणि शौचालयाचं पाणी वेगवेगळ्या टाक्यांत साठतं. ते कुठे सोडायचं? रात्री एखाद्या नाल्याकाठी गाडी थांबवून नळ उघडणारेही लोक असतात. आपण पाठशाळेत पाच समित्या शिकलो. त्यातली पाचवी पारिष्ठापनिका समिती, म्हणजे टाकाऊ वस्तू जीवजंतू पाहून, जयणेने परठवणं. साधू-साध्वींसाठीचा हा नियम मोटारहोमला किती चपखल बसतो! सोय असलेल्या ठिकाणीच टाकी रिकामी करायची, आणि ती सोय कुठे आहे हे निघण्याआधी शोधून ठेवायचं.

वीज: गाडीत इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी असते. घराच्या बॅटरीवर दिवे, पंखा, छोटा फ्रीज चालतो. आपल्या इन्व्हर्टरसारखीच तिची गत: पाणी भरायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर पाहायचं, टोकांवरचा पांढरा क्षार पुसायचा. मिक्सर, इस्त्री, गीझर यांची अपेक्षा तिच्याकडून ठेवायची नाही.

छत आणि सांधे: खिडक्या, झरोके, छताचे जोड यांना रबर आणि सीलंट लावलेलं असतं. उन्हाने ते तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत मुरतं. आतला प्लायवूड एकदा फुगला की खर्च मोठा. म्हणून मे महिन्यातच वर चढून कुणीतरी पाहायला हवं, जसं आपण गच्चीचं पाहतो.

उभी गाडी: सर्वांत जास्त बिघडते ती न वापरलेली गाडी. टायर एकाच जागी दबतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. निदान महिन्यातून एकदा ती चालवावी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचं वय पाहावं, कारण रबर वापराविनाही जुनं होतं.

आणि जुन्या टेम्पोत गॅरेजवाल्याकडून पलंग-शेगडी बसवून घेऊ, असा विचार कुणी करत असेल तर एक सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हाच मुद्दा आडवा येतो.

मी कॉमर्सची, त्यामुळे शेवटी वहीकडे वळतेच. विमा, कर, उभी करायची जागा, बॅटरी, टायर, घसारा हा खर्च गाडी दारात उभी असली तरी होतो. डिझेल, टोल, पार्कचं भाडं हा खर्च फिरलं तरच. वर्षातून दहा-पंधरा दिवस फिरणाऱ्या कुटुंबाने पहिल्या प्रकारचा खर्च वर्षभर का सोसावा? भाड्याने घ्या, एक यात्रा करून पाहा, मग ठरवा.

पण या वहीत आणखी एक रकाना आहे, तो कुणी भरत नाही. धर्मशाळेत किंवा भोजनशाळेत गेलो की आपल्याला ताट वाढलेलं मिळतं. वर्षातून तेवढे चार दिवस हात मोकळे असतात. मोटारहोम घेतली की तेही गेले. कणीक, भाजी, भांडी, अंथरुणं, पाण्याचा हिशेब, सगळं दोन हात लांबीच्या ओट्यावर आणि तेही सूर्यास्ताच्या आत. गाडी चालवणाऱ्याचं कौतुक होईल, नकाशा पाहणाऱ्याचं होईल. मागे वाकून भांडी घासणारीला वाटेतला डोंगर दिसलाच नाही, हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. तांड्यातल्या बाईचं, घण मारणाऱ्या लोहारणीचं तेच झालं. त्यांना निवड नव्हती. आपल्याला आहे.

तेव्हा घरात हा विषय निघाला की नाही म्हणू नका. यात्रा जरूर करा, ज्येष्ठांना तर जरूर न्या. फक्त निघण्याआधी एका कागदावर कामं लिहा: पाण्याची टाकी कोण भरणार, सांडपाण्याची कोण रिकामी करणार, गॅसचा कॉक रोज कोण तपासणार, टायरची हवा, अंथरुणं, सकाळचा नाश्ता, भांडी. प्रत्येक कामापुढे नाव लिहा आणि एकच नाव तीनदा आलं तर कागद परत फिरवा. शौचालयाची टाकी रिकामी करण्याचं काम घरातल्या तरुण मुलांच्या नावापुढे लिहायला मुळीच संकोचू नका. खाखरे घरूनच भरपूर भाजून न्या, म्हणजे सकाळी शेगडी पेटवायलाच नको. आणि दिवसातलं एक जेवण तीर्थाच्या भोजनशाळेतच घ्यायचं, हे आधीच ठरवून टाका.

वाटेत गाडिया लोहाराची गाडी दिसली तर थांबा. तवा घ्या आणि घासाघीस करू नका. जमलं तर तिथल्या बाईशी दोन शब्द बोला. चाकांवरचं घर कसं चालवतात, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.